फोटोखालची ओळ

तळेरे हे बघायला जायचं गाव नव्हे, वळायचं गाव. मुंबईहून महामार्गाने येताना खारेपाटण मागे पडलं की कणकवलीच्या अलीकडे ते लागतं. डावीकडे वळलात तर वैभववाडी, करूळचा घाट, गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. उजवीकडे वळलात तर पन्नासेक किलोमीटरवर विजयदुर्ग. सरळ गेलात तर गोवा आहेच. एसटी थांबते, माणसं चहा-वडा घेतात आणि आपापल्या फाट्याला लागतात. तळेऱ्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही. पण जिल्ह्याचे किल्ले, जत्रा, पालख्या टिपत हिंडणाऱ्याला मुक्कामासाठी याहून सोयीची जागा नाही. संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त घ्यावा, रात्री आतल्या एखाद्या देवळात दशावतार गाठावा, पहाटे परत फाट्यावर चहाला यावं.

विजयदुर्गाच्या वाटेने गेलं की पोंभुर्ले येतं. बाळशास्त्री जांभेकरांचं हे गाव. १८१२ साली ते इथे जन्मले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन मानतो आणि गावातल्या स्मारकापाशी हार-तुरे होतात. त्यांचं दुसरं एक काम मात्र कमी सांगितलं जातं. खारेपाटणला एका घरात शिलाहार राजा रट्टराजाचे ताम्रपट सापडले होते, शके ९३०चे, म्हणजे इसवी सन १००८चे. आशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात ते पहिल्यांदा छापले बाळशास्त्र्यांनी. शेजारच्या गावातल्या घरात पडलेला ऐवज त्यांनी वाचला, काळ लावला, राजांची वंशावळ लावली आणि जगापुढे ठेवला. १८४६मध्ये ते गेले. त्यानंतर ९ वर्षांनी, १८५५ साली, ते जिथे शिकवत त्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पहिले देशी फोटोग्राफर त्यातून तयार झाले. बाळशास्त्र्यांच्या हाती कॅमेरा आला असता तर त्यांनी काय टिपलं असतं, हा प्रश्न व्यर्थ आहे. त्यांनी फोटोखाली काय लिहिलं असतं, हे मात्र सांगता येतं. काय आहे, कुठे सापडलं, कोणाचं, कधीचं.

आज मोबाइलवर ‘सिंधुदुर्ग’ असं शोधलं तर हजारो फोटो सापडतात आणि ते सगळे मिळून जेमतेम दहा-बारा होतात. ड्रोनमधून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला. तारकर्लीचं निळं पाणी. देवबागचा संगम. कुणकेश्वराचं शिखर आणि मागे समुद्र. वाईट एकही नाही. सगळे सुरेख आहेत. फक्त ते कोणी काढले, कोणत्या ऋतूत, कोणत्या वर्षी, हे फोटोवरून कळत नाही. १९९७मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आले. त्या दिवसापासून कॅमेऱ्यांना आणखी बळ चढलं आहे. दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, ड्रोन आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, हे पुष्कळांना दारावर गेल्यावर कळतं.

वर्ष न लिहिलेल्या फोटोचं काय होतं, याचं ताजं उदाहरण मालवणच्या राजकोटवर आहे. ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. २०२५मध्ये त्याच जागी नवा पुतळा उभा राहिला. जेमतेम पावणेनऊ महिने उभा असलेला तो पहिला पुतळा सहलीला आलेल्या कित्येक कुटुंबांच्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइल आपोआप तारीख ठेवतो, पण तो फोटो चार ग्रुपांतून फिरून आला की तारीख गळून पडते. वीस वर्षांनी हा पहिला की दुसरा, यावर घराघरांत वाद होणार.

विजयदुर्गावर याच्या उलट गंमत आहे. तिथे तारीख पक्की आहे, पण बाकीची ओळ डळमळीत. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नातं सांगतात आणि लॉकियर साहेबाने इथे उभं राहून हेलियम शोधला असंही सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. शाळेची मुलं येतात, भाषणं होतात, ओट्यांवर उभं राहून फोटो निघतात. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. हेलियमची खूण ठरलेला वर्णपटातला पिवळा पट्टा ग्रहणात गुंटूर, मछलीपट्टणकडच्या निरीक्षकांनी पाहिला. लॉकियरना तो ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, आपल्या देशात दिसला. त्या ग्रहणाचे फोटोही निघाले होते. गुंटूरला टेनंटच्या पथकाने आणि एडनला जर्मन पथकाने काढले. ग्रहणाची सावली कोकणावरून गेली, ओटे आहेत आणि मुलांचा उत्साह खरा आहे. हे सगळं राखून ओळ नीट लिहिता येते: ‘विजयदुर्ग, १८६८च्या ग्रहणाशी ज्यांचा संबंध गाव सांगतं ते ओटे.’ एवढ्याने किल्ल्याची शान कमी होत नाही. १६५३मध्ये महाराजांनी घेतलेला, आंग्र्यांनी गाजवलेला आणि १७५६मध्ये इंग्रजांनी पाडाव केलेला हा किल्ला हेलियमच्या आधारावर उभा नाही.

दगडाचं एक बरं असतं. त्याचा फोटो चुकला तर उद्या परत जाता येतं. जत्रा परत मिळत नाही.

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की या जिल्ह्यात जत्रांचा हंगाम धरतो आणि पाऊस येईपर्यंत गावोगाव दशावतार रंगतो. दिवस मावळताना कंपनीचा टेम्पो देवळापाशी लागतो, पेटारे उतरतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर ही कंपन्यांची नावं इथल्या माणसाला क्रिकेटच्या संघांपेक्षा जवळची. देवळाच्या एका कोपऱ्यात चटया अंथरल्या जातात आणि जो तो आपापली पेटी उघडून आरशासमोर बसतो. रंगभूषाकार वेगळा नाही. चेहऱ्यावर आधी सफेदा, मग पिंजर, मग काजळ. थोड्या वेळापूर्वी टेम्पोतून सामान उतरवणारा मिश्या काढलेला गडी अर्ध्या तासात निऱ्या धरून उठतो आणि त्याची मानच वेगळी वळू लागते. फोटो काढायचा तर या अर्ध्या तासाचा. बहुतेक सगळे मात्र मंचावरच्या युद्धासाठी थांबतात.

त्या कोपऱ्यात शिरायचं कसं, याचं उत्तर मला एका मानकऱ्याने दिलं. गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “देवाक नारळ ठेवलंस? मगे काढ.” ही अडवणूक नव्हे. नारळ ठेवला की गाऱ्हाणं घातलं जातं, त्यात तुमचं नाव येतं, कुठून आलात ते येतं, कशासाठी आलात ते येतं, आणि भोवतालची माणसं “व्हय म्हाराजा” म्हणतात. आता तुम्ही उपरे राहिलेले नसता. देवाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. यापेक्षा सोपा परवानगीचा अर्ज मी कुठल्या कार्यालयात पाहिलेला नाही. आत गेल्यावरही घाई करून भागत नाही. राजाचं काम करणारा एक नट मुकुटाची दोरी आवळत मला म्हणाला, “तुका व्हयो तसो उभो रवतंय, पण आधी माजो मुकुट बसांदे.” मुकुट बसला, त्याने आरशात एकदा बघितलं, आणि मग जो चेहरा माझ्याकडे वळला तो त्याचा नव्हता, दुर्योधनाचा होता.

तंत्राचं थोडं बोललं पाहिजे, कारण दशावताराचे अर्धे फोटो तिथेच फसतात. मागे काळोख, मधे पांढराफटक चेहरा. कॅमेरा काळोख मोजतो आणि सगळंच उजळून टाकतो. सफेद्याचा चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा सपाट निघतो, डोळ्यांभोवतीचं काजळ तेवढं उरतं. प्रकाश एक-दीड पायरी खाली आणावा, म्हणजे गालावरची पिंजर दिसते. फ्लॅश मारला की जरीचे कपडे लखलखतात, मागच्या पडद्यावर काळी सावली पडते आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या “मेल्या, बंद कर ता” म्हणतात, तेही रास्तच. पूर्वी मशाली, मग गॅसबत्त्या, मग हॅलोजन, आता एलईडी. एलईडीच्या उजेडात शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवावं. मग गदा फिरवणारा हात थोडा हलतो. हलू दे. तलवारीचा हात थिजलेला दाखवण्यापेक्षा ते बरं.

तंत्राहून मोठी गोष्ट वेळेची. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, संवाद नट जागेवर रचतात. पायपेटी आणि मृदंग त्यांच्या मागे जातात. म्हणून काय होणार हे आधी कळत नाही, पण कधी होणार याचा अंदाज पेटीवाल्याच्या बोटांवरून येतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या कपड्यातला संकासूर. हल्ली हा भाग पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतात. माझ्या मते ते नुकसान आहे आणि फोटोग्राफरांनी आधी हाच भाग धरून ठेवला पाहिजे. आख्यानं रोज नवी होतील; संकासूर कमी होत गेला तर त्याची चाल कोणाला आठवणार? पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, अंधार पातळ होतो आणि रात्रभराचा घाम सफेद्यातून ओघळलेला दिसू लागतो.

सप्टेंबर २०२५मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात म्हातारा दशावतारी उभा केला, आणि ज्यांनी कधी जत्रा पाहिली नव्हती त्यांच्या तोंडीही शब्द आला. चांगलं झालं. पण सुधीर कलिंगण यांच्यासारखा ‘लोकराजा’ म्हणून ओळखला गेलेला नट २०२२मध्ये गेला. त्यांचे रंगलेल्या अवस्थेतले फोटो भरपूर सापडतात. कुठल्या देवळात, कुठल्या आख्यानात, सोबत कोण, हे फार थोड्या फोटोंखाली लिहिलेलं असतं. पिंगुळीच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेचं, असं झालं नाही. परशुराम गंगावणे यांनी पोथ्या, बाहुल्या सांभाळून त्यांचं संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्यांना कुठलं चित्र कुठल्या कथेतलं आणि त्याच्या पुढचं कुठलं, हे तोंडपाठ. चित्रासोबत त्याची गोष्ट सांभाळली गेली, म्हणून ते चित्र जिवंत आहे.

काही ठिकाणी कॅमेरा खाली ठेवावा लागतो. दसऱ्याला, शिमग्याला देवाचे तरंग निघतात, साड्या गुंडाळलेले उंच काठीचे तरंग, आणि ते धरणाऱ्याला अवसार येतो, अंगात देव येतो. त्या क्षणी तो माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो. त्याच्या नाकासमोर मोबाइल धरणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे गावचेच होते, हे कबूल केलं पाहिजे. दोष दरवेळी पाहुण्याचा नसतो. माझं मत सरळ आहे: लांबून, गर्दीसकट, ढोलवाल्यांसकट फोटो घ्यावा. चेहऱ्याचा घेऊ नये.

आचऱ्याची गावपळण हा तर कॅमेऱ्याचा कस पाहणारा प्रसंग. साधारण तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. आत माणूस राहत नाही. बाहेर राहुट्या पडतात, चुली पेटतात, भजनं होतात, शेजारी ज्यांचं वर्षभर पटलेलं नसतं ते एका पंगतीला बसतात. बाहेरच्या फोटोग्राफरला मोह कसला होतो? रिकाम्या गावाचा. ओस बाजारपेठ, बंद दारं. ड्रोनला वेस ओलांडायला पाय लागत नाहीत. पण गाव रिकामं ठेवायचं हीच ज्या प्रथेची अट, तिथे आत डोकावून काढलेला फोटो ती अट मोडून काढलेला असतो. आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत काही नसतं. बंद दार कुठेही बंदच दिसतं. जे आहे ते वेशीबाहेरच्या चुलीपाशी आहे.

कॅमेरा आणि ओळ यांची फारकत जुनी आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या गोऱ्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जाती-जमातींवर दोन खंड काढले. माणसं एकीकडे उभी करून टिपली आणि त्यांच्यामागे मुंबईची दृश्यं दुसऱ्या काचेवरून जोडली. खाली जातीचं नाव आलं. माणसाचं नाव आलं नाही. हे खंड आज संग्रहालयांत मौल्यवान म्हणून जपले जातात, पण त्यातला माणूस कोणाचा पणजोबा हे कोणालाच सांगता यायचं नाही. त्यापुढे नारायण विनायक विरकरांचं काम ठेवून बघावं. मुंबईत स्टुडिओ असलेल्या या मराठी फोटोग्राफरने १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. माणसं बोट ठेवून खूण दाखवताहेत असे ते फोटो. जागा ठाऊक, प्रसंग ठाऊक, म्हणून ते पुरावा झाले.

पुरावा हा शब्द भारी वाटेल, पण तो माटवीलाही लागू होतो. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातला सगळा नवा बहर बांधतात. नारळ, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळे, लालभडक कवंडळं, कांगल्या, शेरवडाची पांढरी पानं, हरणाची फुलं, तिरडा. पूर्वी घरातली पोरं आदल्या दिवशी रानात जाऊन हे आणायची; आता बऱ्याच जणांकडे ते बाजारातून येतं. चतुर्थीच्या आधी तळेऱ्यासारख्या फाट्याच्या गावात रस्त्याकडेला याचे ढीग लागतात. आपण फोटो काढतो तो मूर्तीचा आणि मूर्तीपुढे उभ्या राहिलेल्या आपला. माटवी वर राहते, चौकटीबाहेर. कोणी एखाद्याने दरवर्षी मान वर करून नुसत्या माटवीचा एक फोटो काढला आणि खाली वर्ष, गाव, काय रानातलं आणि काय विकतचं एवढं लिहिलं, तर पंधरा वर्षांत त्या गावच्या रानाची नोंद तयार होईल. कुठलं फळ कधीपासून मिळेनासं झालं, हे कुठल्याही सरकारी अहवालाआधी त्या घराला कळेल. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

किल्ल्यांच्या फोटोंची काळजी करणारे खूप आहेत. मला काळजी वाटते ती बाजारातल्या स्टुडिओंची. कणकवली, वैभववाडी, फोंडा, खारेपाटण, अशा प्रत्येक बाजारपेठेत एकेकाळी पडद्यावर रंगवलेला बगीचा, एक उंच स्टूल, एक प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी असलेला स्टुडिओ होता. गिरणीतून रजेवर आलेला मुंबईकर तिथे बायको-मुलांसह फोटो काढून जायचा, एक प्रत इथे, एक मुंबईच्या खोलीत. गावची नाटकं, शाळांची संमेलनं, पंचायतीच्या इमारतीचं उद्घाटन, देवळाचा जीर्णोद्धार, सगळ्याला फोटोग्राफर तोच. आज त्यांतले बहुतेक झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंवर तगून आहेत. जुन्या निगेटिव्ह माळ्यावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात माळा म्हणजे बुरशीचं माहेर. लेन्सला बुरशी लागली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि वरचा लेप खाऊन टाकतात. निगेटिव्हवर लागली की माणसाचा चेहराच जातो. अशा एका दुकानात मालकाने मला एका लग्नाचा फोटो दाखवला. मांडव, नवरा-नवरी, मागे पंधरा-वीस माणसं. “हो नवरो कोणाचो?” मी विचारलं. त्याने चष्मा काढून पाहिलं. “बापाशीन काढलेलो. तेका ठाऊक होता.”

आता दिवाळीला मुंबई-पुण्याकडची मंडळी गावी आली असतील. पडवीत बसून अंक वाचायला सवड आहे, तेवढीच सवड पुरेल. अल्बम खाली काढा. घरात जे सर्वांत म्हातारं माणूस असेल त्याच्याशेजारी बसा, कारण ओळ त्याच्याकडे आहे. जुन्या जाड कागदाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा, शाईच्या पेनाने नको, ती पुढे उमटते. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही. त्याची चिठ्ठी करून फोटोसोबत पाकिटात ठेवा. चिकटणाऱ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो बसला असेल तर ओढून काढू नका. सावलीत, फ्लॅश न लावता मोबाइलने त्याचा फोटो घ्या. लेन्स, निगेटिव्ह, जुनी प्रिंट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी पुड्या बदला. गावच्या स्टुडिओवाल्याला विचारा, निगेटिव्ह आहेत का. असतील तर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कानावर घाला. आणि लिहायच्या त्या चारच गोष्टी: माणसांची नावं, गाव-वाडी, प्रसंग, वर्ष. वर्ष नक्की आठवत नसेल तर ‘अमक्याच्या लग्नाच्या आधी’ असं लिहा, तेही चालेल. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याच्या आधीच्या फोटोंवर ‘जिल्हा रत्नागिरी’ लिहायला विसरू नका.